उत्पन्नाचा दाखला

मी चामोर्शीकडच्या राईस मिलमध्ये पोती वाहतो. धाकटा यंदा कॉलेजात गेला. दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या तसा तो भडकला, "दादा, गरिबी सिद्ध करून पैसे घ्यायचे. भीकच ना ही?"

रात्रपाळीभर डोक्यात तेच. १९१३ साली बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड. आधी करारावर सही : परत येऊन दहा वर्षं नोकरी. भिकाऱ्याकडून कोणी करार लिहून घेतो का? १९१७ साली बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, नोकरी सुटली. करार त्यांनी आपल्यापाशी फेडला.

अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. तिचा फारम बापाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, एवढं विचारतो. शिकून कोणाकडे परतशील, हा रकाना त्यात नाही.

धाकट्याला म्हटलं, "फारम भर बे. तो रकाना मी विचारीन."