उसनें नांव

वडील बंधूच्या कीर्तीवर धाकट्यानें जगावें कीं नाहीं, हा प्रश्न नवा नव्हे. परंतु १९६७ सालीं इटलींत निघालेल्या ‘ओके कॉनरी’ या बोलपटानें तो अशा विचित्र रीतीनें पुढें आणला आहे कीं, चित्र पाहतांना आलेलें हंसूं आम्हांस मध्येंच आवरावें लागलें.

जेम्स बाँड या हेराच्या भूमिकेनें शॉन कॉनरी त्या वेळीं जगभर गाजत होता. त्याचें यश पाहून युरोपांत, विशेषतः इटलींत, थोडक्या खर्चाच्या हेरपटांचें पीकच आलें. नक्कल करणारे पुष्कळ होते. या मंडळींनीं मात्र सरळ शॉनचा सख्खा धाकटा भाऊच नायक म्हणून उभा केला! नील कॉनरी हा एडिंबरा येथें भिंतींना गिलावा करणारा कारागीर. चित्रांत तो शस्त्रवैद्य व संमोहनविद्येंत निष्णात आहे, एका नामांकित हेराचा भाऊ आहे, आणि त्याचें नांवहि नील कॉनरीच आहे. भोंवतीं बर्नार्ड ली, लोइस मॅक्सवेल, अडोल्फो चेली अशीं बाँडपटांतलीच माणसें. अमेरिकेंत तर या चित्राचें नांवच ‘ऑपरेशन किड ब्रदर’ असें ठेवलें गेलें.

यांत चोरी झाली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. विडंबन आपलें ऋण उघड कबूल करतें. मूळ ठाऊक नसेल त्याला त्यांतली गंमतच कळावयाची नाहीं. मोबदला घेऊन आलेल्या नटांस नांवें ठेवणेंहि आम्हांस शोभणार नाहीं. दिवसभर चुन्यांत हात घालणाऱ्या माणसानें अशी संधि नाकारावी, हा उपदेश तर आरामखुर्चींतूनच करतां येतो.

मग खटकतें तें काय? चित्रांत ऐकूं येणारा आवाज नीलचा नाहीं, दुसऱ्याचा आहे. इटलींत संवाद मागाहून भरण्याची चालच होती, तेव्हां कोणी बुद्ध्या दुष्टावा केला असें आम्ही म्हणत नाहीं. पण परिणाम पाहा. त्याचें नांव घेतलें, चेहरा घेतला, नातेंहि घेतलें. त्याची वाणी तेवढी नकोशी झाली! माणसास केवळ साधन समजूं नये, असें जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो. यावर कोणी म्हणेल, नीलनें संमति दिली होती. खरें आहे, परंतु त्या संमतीनें दोष अर्धाच फिटतो. नातें दोघांचें असतें, एकट्यानें विकण्याजोगें नसतें. शिवाय, तुला स्वतःला काय येतें, हें त्याला कोणी विचारल्याचें चित्रांत तरी कोठें दिसत नाहीं.

आणि आपण प्रेक्षक! चेहरा कितपत जुळतो हें ताडून पाहण्याची हौस आपल्याला नसती, तर हें चित्र निघालें असतें काय? आम्हीहि पहिली दहा मिनिटें तेंच करीत होतों.

नील पुढें १९६९ च्या एका चित्रांत दिसला. शॉन २०२० सालीं वारला, नील २०२१ सालीं. मृत्युवार्तेंतहि त्याची पहिली ओळख ‘शॉनचा भाऊ’ हीच होती.