कुलूप खिशात, हात पॅनलमध्ये

हात बाहेर काढ. आधी हात, मग तोंड उघड.

एमसीसीबी खाली ओढली, दारावर पुठ्ठा अडकवला, की झाली तुझी सेफ्टी? कुलूप कुठंय? खिशात! तिथं कोणाला अडवतंय ते?

“पाचच मिनिटांचं काम होतं, सर.” करंटला पाच मिनिटं लागतात होय रे? हृदयाची लय बिघडवायला त्याला एखादा सेकंदही पुरतो. आणि करंट तरी कितीसा लागतो? घरच्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर छापलंय, ते काय शोभेला?

“हेल्पर उभा केला होता.” तो चहाला गेलाय. कँटीनमध्ये त्याला बघूनच मी इकडे धावलो. आता दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर येईल. कन्व्हेयर बंद दिसेल, एमसीसीबी खाली दिसेल. काय करेल तो? वर करेल. त्याची चूक? काडीची नाही. तुझा पुठ्ठा वाऱ्यानं उलटा झालाय, आणि सुलटा असता तरी त्यावर ना नाव, ना वेळ. स्वतःचा जीव किती जणांच्या आठवणीवर टांगलास, मोज जरा.

आणि म्हणे टेस्टर पेटला नाही! पेटेल कसा? निऑनचा टेस्टर तुझ्याच अंगातून जमिनीकडे थोडा करंट गेला तर पेटतो. तू रबरी मॅटवर, पायात जाड सोलचे बूट. तो पेटला नाही म्हणजे वायर मेली? मीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग इथं मोजायचं, मग पुन्हा चालू लाइनवर. मधेच लीड तुटली असेल तर मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. परवा अप्रेंटिस पोरांना हे फळ्यावर काढून कोणी शिकवलं? मी मागे उभा होतो. सुरेख शिकवलंस. तेच तर सलतंय. अडाणी असतास तर हाताला धरून शिकवलं असतं. जागं राहून झोपेचं सोंग घेणाऱ्याला काय शिकवू?

आत ड्राइव्ह आहे, दिसतोय ना? ४१५ व्होल्टचा सप्लाय तोडला तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये साडेपाचशेच्या वर डीसी बसून असतो. किती मिनिटं थांबायचं ते झाकणावर छापलंय. वाचलंस? आणि ती इंटरलॉकची वायर कुठून येते? शेजारच्या पॅनलमधून. हा सप्लाय तोडलास, तरी ती जिवंत. ड्रॉइंग तूच लावलंस ना दाराच्या आत?

“प्रॉडक्शनवाले मागे लागतात.” लागू देत. एकदा तरी ‘थांबा’ म्हणालास त्यांना? नाही. कारण ‘हा पठ्ठ्या झटक्यात काम उरकतो’ असं ऐकायची चटक लागलीय तुला. प्रॉडक्शनच्या नावानं बोटं मोडू नकोस. घाई तुझीच आहे. त्यांना माझ्याकडे पाठव.

आता कुलूप लाव. ओढून बघ. किल्ली हेल्परकडे नाही, तुझ्या खिशात. खिसा तिच्यासाठी असतो. पुठ्ठा फेक, टॅगवर नाव आणि वेळ लिही. मी शेजारचा पॅनल बंद करून त्याला माझं कुलूप लावून येतो. तुझंही एक लागेल तिथं, दुसरं काढून ठेव. तोवर हात खाली.