पात्रता आणि लायकी

मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचे एक छोटे स्टेशन. पुण्याहून आलेली लोकल येथे थांबली की एका बाजूला भाज्याची लेणी आणि लोहगड-विसापूरची वाट, दुसऱ्या बाजूला कार्ल्याची लेणी आणि एकवीरेचा डोंगर. पावसाळ्यातल्या रविवारी या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. भातखाचरांच्या शेजारी बंगले उभे राहिले, द्रुतगती मार्ग आला, जमिनीचे भाव चढले. साहजिकच इथल्या ग्रामपंचायतींचे काम पूर्वीसारखे सोपे उरलेले नाही. नळाचे पाणी आधी वाडीला की बंगल्यांना, पर्यटकांनी टाकलेला कचरा कुणी उचलायचा, गायरानावर कुणाचे कुंपण सरकले, घरपट्टी कुणाची थकली, असे रोजचे प्रश्न आहेत. ते सोडवायला कुणाला पाठवावे, हा प्रश्न निवडणूक आली की पारावर, एस.टी.च्या थांब्यावर आणि आपल्या जमातीच्या बैठकीतही निघतो. शब्द मात्र एकच असतो : ‘लायक माणूस’.

लायक म्हणजे कोण, याबद्दल कायदा फारसे बोलत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात उमेदवाराने काय असावे हे थोडक्यात आहे : वय २१ पूर्ण आणि गावाच्या मतदार यादीत नाव. त्याने काय नसावे याची यादी मात्र लांबलचक आहे. शिक्षा झालेला नसावा, दिवाळखोर नसावा, पंचायतीच्या ठेक्यात त्याचा हितसंबंध नसावा, बिल मिळूनही तीन महिन्यांत कर न भरणारा नसावा, सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा नसावा, दोनपेक्षा अधिक मुलांचा बाप किंवा आई नसावी. म्हणजे कायदा अपात्र ठरवतो, लायक ठरवत नाही. हे मला योग्यच वाटते. लायकी ठरवणे हे मतदाराचे काम आहे. अडचण अशी की अपात्रतेची यादी जसजशी वाढते, तसतसे मतदाराचे काम दुसरेच कुणीतरी करू लागते.

आपल्याकडे गावकारभारातला वाटा पूर्वी जन्माने ठरत असे. पाटीलकी वतनाची होती. मिरासदाराला गावच्या बैठकीत शब्द होता; उपऱ्याला जमीन कसायला मिळाली तरी तो मान नव्हता. मुलाणी हा त्या गावगाड्याचाच एक भाग होता. त्याचे काम ठरलेले, हक्क ठरलेला, सुगीला मिळणारे धान्य ठरलेले आणि गावाच्या निर्णयातली त्याची जागाही ठरलेली : ऐकून घेण्याची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिले, त्यात ही सारी व्यवस्था सापडते. मुलकी पाटलांची वतने कायद्याने गेली ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा ‘हा कुठला, हा तर उपरा’ ही भाषा निवडणुकीत अजून ऐकू येते, यात नवल काही नाही. सवय कायद्याबरोबर जात नाही. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. मळवलीपासून जवळ असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगराने बाहेरच्यांची नावे आपल्या खांबांवर घेतली होती.

पात्रतेच्या अटी लेखी स्वरूपात हव्यात असा आग्रह धरणाऱ्यांना मी तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या शिलालेखाची आठवण करून देईन. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, चोळ राजा परांतकाच्या काळात, त्या गावच्या सभेने समित्यांवर कोण जाऊ शकेल याचे नियम दगडावर कोरले. वय ३५ ते ७०. स्वतःची कर भरणारी जमीन. स्वतःच्या जागेत घर. वेदांचे ज्ञान. गेल्या तीन वर्षांत समितीवर बसलेला नसावा. आणि पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशोब दिला नाही, तो स्वतः आणि त्याचे जवळचे नातेवाईकही बाद. नावे मडक्यात टाकून लहान मुलाकडून चिठ्ठी काढत. यातल्या काही अटी त्या ब्राह्मण वसाहतीच्या दाराला लावलेल्या कड्या आहेत. जमीन, घर आणि वेद नसलेला माणूस आत येऊच नये यासाठी. हिशोबाची अट मात्र वेगळी आहे. ती माणूस कोण आहे हे विचारत नाही, त्याने काय केले हे विचारते. माझ्या मते कुठल्याही अटीची परीक्षा याच प्रश्नावर करावी.

इंग्रजी अमलात मताचा अधिकारही मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. राज्यघटनेने ते मोडून प्रत्येक प्रौढाला मत दिले. घटना समितीतही सर्वांचे मन निःशंक नव्हते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी खंत बोलून दाखवली की, कायदा राबवणाऱ्याला उच्च पात्रता लागते, पण कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे काहीच लागत नाही. ती खंत प्रामाणिक होती, तरीही दार उघडेच ठेवले गेले. आज खासदाराला आणि आमदाराला शिक्षणाची अट नाही, मुलांच्या संख्येची अट नाही. त्या अटी आहेत त्या गावच्या सदस्याला. सत्ता जितकी लहान तितकी चाळणी बारीक, हा न्याय कुठला?

दोन मुलांच्या अटीकडे आपण जरा सावकाश पाहू, कारण ती निघाली की आपल्या समाजाकडे बोट दाखवले जाते. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले की माणूस पंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका यांना अपात्र. हरियाणातील अशाच कायद्याविरुद्ध जे खटले झाले, त्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ‘जावेद विरुद्ध हरियाणा’ या नावाने २००३ साली दिला. त्यात मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचा आधारही घेतला गेला होता. न्यायालयाचे उत्तर असे की, धर्माने एखाद्या गोष्टीची मुभा दिली म्हणजे ती करणे बंधनकारक होत नाही. हे उत्तर मला पटते. किंबहुना तो मुद्दा धर्माच्या नावाने मांडायलाच नको होता, असे माझे मत आहे. लहान कुटुंब असावे, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो शिक्षा कुणाच्या वाट्याला येते याला. मूल किती व्हावीत हे ज्या घरात बाईला विचारले जात नाही, त्या घरात अपात्र ठरते तीही बाईच. पहिल्या दोन मुली झाल्या म्हणून सासरच्यांनी तिसऱ्याचा आग्रह धरला आणि त्या तिसऱ्यामुळे तिचा अर्ज बाद झाला. ही कहाणी मराठा घरातली, धनगर घरातली, मुलाणी घरातली, कुठलीही असू शकते. हरियाणाने ही अट २००६ साली काढली, आंध्र प्रदेशाने २०२४ साली. आपल्याकडे ती आहे.

शिक्षणाची अट अधिक कठीण आहे, कारण तिच्या बाजूने खरोखर बोलण्यासारखे आहे. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला उमेदवार सातवी उत्तीर्ण असावा, असा नियम महाराष्ट्रात थेट सरपंच निवडीबरोबर २०१७ साली आला. राजस्थान आणि हरियाणाने त्याआधीच याहून कडक अटी घातल्या होत्या. हरियाणाच्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये ‘राजबाला’ खटल्यात मान्यता दिली. राजस्थानने मात्र आपली अट २०१९ साली मागे घेतली. आता विचार करा. ज्या सरपंचाला धनादेशावरची रक्कम वाचता येत नाही, त्याला ग्रामसेवक बोट ठेवेल तिथे सही करावी लागते. वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च करता येतो आणि कशावर नाही, हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही. हे खोटे नाही, आणि ‘निरक्षर माणूसही शहाणा असतो’ असे म्हणून ते उडवून लावता येणार नाही. शिकण्याला पर्याय नाही, हे आपल्या समाजाला तरी वेगळे सांगायला नको. पण पाचवीनंतर जिची शाळा सुटली, तिची शाळा कुणी सोडवली? वाडीपासून दूर असलेल्या शाळेने, घरातल्या धाकट्या भावंडांनी, लवकर उरकलेल्या निकाहाने. जे देण्यात सरकार आणि घर दोघेही कमी पडले, ते नाही म्हणून तिलाच बाद करायचे, हे इन्साफात बसत नाही. निवडून आल्यावर तिला शिकवा, प्रशिक्षण सक्तीचे करा, हिशोब तिच्यासमोर मोठ्याने वाचा. आधी दार लावू नका.

अटी कशा वापरल्या जातात हेही पाहिले पाहिजे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावात २०२१ साली एक बाई सरपंच झाल्या. गावातल्या काहींनी तक्रार केली की त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात. त्या म्हणत होत्या, मी नवरा-मुलांसह वेगळी भाड्याच्या घरात राहते. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, सर्वांनी त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता रद्द केली आणि स्पष्ट म्हटले की गावातल्या लोकांना बाई सरपंच असणे पचले नव्हते. म्हणून अतिक्रमणाची अट टाकाऊ ठरते काय? नाही. मावळात गुंठ्याचा भाव पाहता गायरान गिळणाऱ्याने गायरानाचा राखणदार होऊ नये, हे कुणीही मान्य करील. सासऱ्याने बांधलेल्या झोपडीसाठी सुनेला बाद करणे आणि स्वतः कुंपण सरकवणाऱ्याला बाद करणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजल्या की अट विरोधकाचे हत्यार होते.

पैशाबद्दल थोडक्यात. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली. पैसा कुणाच्या खिशात नव्हे, मंदिराच्या कामाला जाणार होता, असा बचाव झाला. याच्यावर हसू नये, कारण ‘मशिदीला कूपनलिका दिली, कब्रस्तानाला भिंत बांधली, म्हणून आपली मते त्याला’ हा हिशोब आपणही करतो. बोली लागत नाही, एवढाच फरक.

आता एक प्रश्न आपल्या परंपरेतला. पद मागणाऱ्याला पद देऊ नये, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर उमेदवाराला स्वतः अर्ज भरून, स्वतःची सही करून मते मागावी लागतात. मग उभे राहणेच गैर का? तसे नाही. कुरआनात हजरत यूसुफ राजाकडे कोठारांचा कारभार स्वतःहून मागतात. मागताना ते आपले घराणे सांगत नाहीत. आपण जपणारे आणि जाणणारे आहोत, एवढेच सांगतात. दुसऱ्या बाजूला हजरत अबू जर यांचे उदाहरण आहे. त्यांच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नव्हती. तरी त्यांनी जबाबदारी मागितली तेव्हा पैगंबरसाहेबांनी सांगितले की ही अमानत आहे आणि तुम्ही त्या बाबतीत दुबळे आहात. मला ही रिवायत फार महत्त्वाची वाटते. नेक असणे आणि कारभाराला लायक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे किती सरळ सांगितले आहे! आणि आपल्या बैठकींत काय होते? ‘पाच वक्तांचा नमाजी आहे, हाजी आहे, त्यालाच उभा करू.’ नमाजी असावा, आनंद आहे. पण पाणीपट्टीची थकबाकी किती हे त्याला माहीत आहे काय?

मळवलीच्या आसपासच्या एखाद्या गावात मुसलमानांची दहा-बारा घरे आहेत असे समजा. जमातीच्या मतांवर कुणीही निवडून येणार नाही. मग प्रभाग ओबीसी महिलेसाठी राखीव निघतो. कुणाकडे मुलाणी, अत्तार किंवा तांबोळी असल्याचा दाखला आहे, याची शोधाशोध होते. दाखला सापडतो आणि ज्या बाईच्या नावावर तो आहे तिला शेवटी सांगितले जाते की तुझा अर्ज भरलाय. प्रचाराच्या पत्रकावर तिच्या नावाखाली नवऱ्याचे नाव, शेजारी दिराचा फोटो. कायद्याच्या एकूण एक अटींत ती बसते. वय बसते, दाखला बसतो, मुले दोनच. कायद्याने तिला पात्र म्हटले, जमातीने सोयीची म्हटले. तिला काय वाटते ते कुणी विचारले नाही.

सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या राज्यात आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर होते. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या, अंगठे घेतले जातात. आपल्या घरातल्या किती बाया तिथे जातात? अर्ज भरण्याच्या आदल्या आठवड्यात लायक माणूस शोधत बसण्यापेक्षा गेल्या पाच वर्षांत त्या सभेत कोण आली, कोण बोलली, नळाचे पाणी चार दिवस का आले नाही म्हणून कुणी विचारले, जमाखर्च वाचून दाखवा असे कोण म्हणाली, हे पाहावे. गावातल्या बायकांना ते नाव माहीत असते. जमातीच्या बैठकीत ते निघत नाही, कारण तिथे बायका नसतात.