खापर कुणाच्या माथी?

१८४८ साली गोपाळ हरी देशमुख या पंचविशीतल्या सरकारी नोकराने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहायला घेतली. बघता बघता ती १०८ झाली. पेशवाई बुडून तीस वर्षं लोटली होती, तरी कलियुगाला आणि ग्रहदशेला बोल लावणं थांबलं नव्हतं. लोकहितवादींनी ते सगळं झटकून टाकलं. राज्य गेलं ते आपल्या आळसाने, अडाणीपणाने आणि जग कुठे चाललंय याची साधी चौकशीही न केल्याने, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. सर्वांत जास्त धारेवर धरलं ते स्वतःच्याच ब्राह्मण जातीला. अर्थ न कळता घोकलेल्या विद्येची त्यांनी उडवलेली खिल्ली आजही झोंबते.

गंमत अशी, की दैवाला पुढच्या दाराने हाकलणाऱ्या या माणसाने ईश्वराला मागच्या दाराने आत घेतलं. इंग्रजांचं राज्य ही आपल्याला शहाणं करण्यासाठी झालेली ईश्वरी योजना आहे, असं ते मानत. म्हणजे दोष आपला, पण इलाज परभारे होणार!

खरा पेच जोतीराव फुल्यांनी घातला. चुकलो ते ‘आपण’, हे ठीक. पण हे आपण म्हणजे नेमके कोण? शेतकरी कर्जात का बुडतो, याचं एक ठरलेलं उत्तर त्या काळी गोऱ्या अंमलदारांकडे तयार असे: लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून. वरवर पाहता हा जबाबदारीचाच उपदेश. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी तो धुडकावून लावला. सारा वाढतो, सावकार नाडतो, कोर्टकचेरीत लाच द्यावी लागते, गुरांची चराई जंगलखातं गिळतं, जन्माआधीपासून मेल्यावरही धर्मविधींच्या नावाने वसुली चालू राहते. आणि साहेबांना दिसतो तो तेवढा मांडव! दुबळ्याला ‘चूक तुझीच’ म्हणून सांगणं ही बलवानाची सबब असू शकते, हे मराठीत इतक्या रोखठोकपणे तोवर कुणी मांडलं नव्हतं, असं मला वाटतं. शेतकऱ्याला नुसतं बिचारा म्हणून मात्र फुले थांबले नाहीत. विद्या घ्या, हा त्यांचा लकडा कायम होता. सरकारलाही त्यांनी नेमकं काम नेमून दिलं: पलटणीतले शिपाई आणि पोलीस यांच्याकडून ताली-बंधारे बांधून घ्या, म्हणजे पाणी शिवारात मुरेल.

हे दोन्ही धागे मार्च १९२७मध्ये महाडला एकत्र आलेले दिसतात. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, स्वाभिमानाने जगा, असं आंबेडकर परिषदेत आपल्या माणसांना बजावतात आणि २० तारखेला त्यांनाच घेऊन चवदार तळ्यावर जातात. तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४पासून कागदावरच पडून होता. स्वतःला बदलायचं, पण ठराव दाबून ठेवणाऱ्यांना मोकळं सोडायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर हा विचार खुर्चीपर्यंत पोचला. नोव्हेंबर १९५६मध्ये अरियलूरला रेल्वे अपघातात शंभरावर माणसं दगावली आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. त्यांचं उदाहरण आपण भाषणात फार वापरतो. पण एका सज्जनाच्या राजीनाम्याने कारकुनाच्या टेबलावरची फाइल हलत नाही.

त्यासाठी २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आला. कचेरीच्या भिंतीवर आता फलक असतो: कोणता दाखला, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, अपील कुणाकडे. ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे त्या फलकाखाली उभं राहूनच ऐकायला मिळतं. सबळ कारणाशिवाय कसूर झाली तर दंड ५०० ते ५,००० रुपये. तो मागायचा तर अपिलात जावं लागतं, आणि पहिलं अपील ऐकतो तो त्याच अधिकाऱ्याचा वरिष्ठ.