जुनं देणं आणि नवी व्हर्च्युअल डिस्क

सर्व्हरवर नवी व्हर्च्युअल डिस्क तयार होत नसेल, तर कारण बहुतेकदा साधं असतं. रेड ५ ला किमान ३ डिस्क लागतात, त्या २ च असतात. सॅस आणि साटा डिस्क एकाच गटात घातलेल्या असतात. एखादी डिस्क नॉन-रेड अवस्थेत राहिलेली असते. यांची उत्तरं मॅन्युअलमध्ये आहेत. एका नकाराचं उत्तर मात्र मॅन्युअल अर्धंच देतं.

डेलच्या पर्क कंट्रोलरवर कधीकधी डिस्क शाबूत असतात, संख्या पुरेशी असते, तरी नवी व्हर्च्युअल डिस्क बनत नाही. कारण कंट्रोलरकडे ‘प्रिझर्व्ह्ड कॅशे’ पडून असते. डिस्कवर लिहिणं हे संथ काम. म्हणून राइट-बॅक पद्धतीत कंट्रोलर डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेतो आणि तो डिस्कवर पोहोचण्याआधीच ऑपरेटिंग सिस्टिमला ‘लिहिलं’ असं कळवून मोकळा होतो. वीज गेली तरी हा शब्द पाळता यावा, म्हणून त्याला बॅटरी असते. पण मध्येच डिस्कच काढल्या गेल्या किंवा बंद पडल्या तर? कंट्रोलर तो डेटा धरून ठेवतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नवी व्हर्च्युअल डिस्क बनवू देत नाही. जुनं देणं फेडा, मग नवा व्यवहार.

मार्ग दोन. जुन्या डिस्क शोधून परत लावायच्या, त्यांचं कॉन्फिगरेशन इम्पोर्ट करायचं. मग उरलेला डेटा जागच्या जागी लिहिला जातो. नाहीतर ‘डिस्कार्ड’. पहिल्याला दिवस लागू शकतात, दुसऱ्याला काही सेकंद. दोन्ही मार्गांनी नवी डिस्क बनते. दुसऱ्या मार्गाने जाण्याचा अधिकार कोणाला, हे मॅन्युअल सांगत नाही.

यंत्र कसला शब्द देणार, असं कोणी म्हणेल. खरंच आहे. पण वेग हवा म्हणून राइट-बॅक कोणीतरी माणसानेच निवडलेलं असतं. त्या ‘लिहिलं’वर विसंबून डेटाबेसने पुढे कोणाला तरी ‘पैसे जमा झाले’ असं सांगितलेलं असू शकतं. शब्द माणसांनी माणसांना दिलेला आहे. यंत्र फक्त मध्यस्थ.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तो डेटा बहुधा निरुपयोगीच असतो. जुना टेस्ट सर्व्हर, किंवा बॅकअप असलेला. मान्य. पण ते ‘बहुधा’ आपलं असतं आणि नुकसान झालंच तर ते दुसऱ्याचं. देणं माफ करण्याचा हक्क घेणेकऱ्याचा असतो. देणेकऱ्याचा नाही, आणि दोघांमध्ये उभ्या असलेल्या माझ्यासारख्या इंजिनिअरचा तर मुळीच नाही.

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवर जो निबंध लिहिला, त्यात स्वस्त डिस्क बिघडणार हे गृहीतच धरलेलं होतं. म्हणून जादा माहिती साठवायची. डिस्क मेली तर रेड सावरून घेतं. माणसाने दिलेला पुसण्याचा आदेश मात्र ते सगळ्या डिस्कवर तितक्याच इमानाने पाळतं. त्या बाजूने काहीच जादा ठेवलेलं नसतं.

मग मालक सापडलाच नाही तर सर्व्हर जन्मभर अडवून ठेवायचा का? नाही. नव्या डिस्कची वाट पाहणाऱ्यांनाही कोणीतरी शब्द दिलेला असतो. पण विचारणं, मुदत ठरवून थांबणं, आणि मग काय टाकलं, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहून ठेवणं एवढं तरी करता येतं. त्याने डेटा परत येत नाही. पण उद्या कोणी ‘माझी नोंद कुठे गेली?’ असं विचारत आलं, तर त्याला खरं उत्तर मिळतं. तिकिटावर नुसतं ‘व्हर्च्युअल डिस्क तयार, समस्या सुटली’ एवढंच असेल, तर आपली काही नोंद होती हेही त्याला कोणापुढे सिद्ध करता येणार नाही.