गिरणगावचे ऋण

चांदूर बाजारच्या परिसरात आजही कापूस वेचला जातो. वऱ्हाडचा हा कापूस एके काळी मुंबईच्या गिरण्यांना जाई. त्या नात्याने गिरणगावचा प्रश्न आपल्याही दारचा आहे.

त्या गिरणगावात गंगाराम व काशीबाई सुर्वे या कामगार दांपत्याने रस्त्यावर सापडलेले एक अनाथ मूल आपले म्हणून वाढविले. तेच कवी नारायण सुर्वे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांची शाहिरीही याच वस्तीत घुमली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्यांच्या कितीतरी जमिनींवर आता मनोरे आणि मॉल उभे आहेत.

सुर्वे यांना १९९८ साली ‘पद्मश्री’ मिळाली, हे उचितच झाले. परंतु कवितेचा गौरव केला म्हणजे कवीला वाढविणाऱ्यांचे ऋण फिटते काय? मला तसे वाटत नाही. ती कविता धुराड्यातून निघाली नव्हती. एका घासाचे दोन घास करणाऱ्या घरातून ती आली. आपण पुस्तके वारसा म्हणून जपतो आणि ते घर मात्र निमूटपणे मोडू देतो. हक्काच्या घरासाठी अर्ज केलेले हजारो गिरणी कामगार व त्यांचे वारस अजून वाट पाहत आहेत.