सेवेचं भांडं

भिलाईच्या नेहरू नगरात आमच्या घरी सासूबाई अर्धांगवायूने खाटेवर आहेत. भरवणं, कूस बदलणं, अंग पुसणं माझ्याकडे. पावसाळ्यापूर्वी डॉक्टरांनी फ्लूची लस त्यांच्याबरोबर मलाही घ्यायला सांगितली. मी म्हटलं, "मला कशाला? मी धडधाकट आहे." सासूबाईंचे शब्द अडखळतात, तरी म्हणाल्या, "घे गं. तुझा श्वास माझ्याच तोंडावर येतो."

ते वाक्य मनात रुतलं. सेवा म्हणजे स्वतःला विसरणं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही, देवाला विटेवर थांबवलं. पण तोच तापाने आडवा झाला असता तर? विसरायचा तो अहंकार. देह विसरून कसं चालेल? तो सेवेचं भांडं. भांडं घासूनच आपण त्यात दूध ओततो.

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की माझ्या पोटात कालवतं.

फ्लूचा विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी. उतारवयात ती कमी लागू पडते. म्हणून माझ्या दंडातली लस त्यांचंही थोडं कुंपण. मी घेतली. तिचा असर व्हायला दोनेक आठवडे लागतात. तोवर पेज भरवताना मास्क लावते, आणि सासूबाई माझे डोळे बघून ओळखतात, मी हसतेय की नाही.